दातेरी काठाचा कप: टी टेस्टरचा सेट घरी रोजच्या चहासाठी कसा वापरायचा

पानांचा चहा घरी आला की पहिली अडचण येते ती भांड्याची. पातेल्यात उकळला तर कडू होतो, एकट्यासाठी किटली काढावी तर ती मोठी पडते, आणि बाजारात ते साखळीवाले जाळीचे गोळे मिळतात ना, त्यात पानं इतकी कोंबली जातात की त्यांना फुलायला जागाच उरत नाही. मग कोणीतरी प्रेमाने आणून दिलेला दार्जिलिंगचा डबा फडताळात मागे मागे सरकत जातो आणि वर्षभराने उघडला तर त्याला नुसता पुठ्ठ्याचा वास. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तो चहा बनवायला फार काही लागत नाही, गरम पाणी, घड्याळ आणि वेळेवर पानं बाजूला काढता येतील असं एक भांडं, एवढंच.

ते भांडं म्हणून मी सगळ्या नवख्या लोकांना एकच गोष्ट सुचवते, टी टेस्टिंगचा सेट. हा घरगुती वापरासाठी बनवलेलाच नाहीये. बागांच्या फॅक्टरीत, कोलकाता, सिलीगुडी, गुवाहाटी, कुन्नूर इथे लिलावाआधी चहा चाखणारे लोक जो वापरतात तो हा. पांढरा शुभ्र चिनी मातीचा कप, एका बाजूला कान, त्याच्या बरोबर समोर काठाला करवतीसारखे दाते पाडलेले, वर सैलसर बसणारं झाकण, आणि सोबत कान नसलेला एक वाडगा. एवढे तीनच तुकडे. गाळणी नाही, स्प्रिंग नाही, प्लॅस्टिक नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काठ फुटलाय की काय, पण तेच दाते म्हणजे याची गाळणी, चहा त्यातून निथळतो आणि पानं झाकणाच्या मागे अडून राहतात.

आधी हे असं का आहे ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल

टेस्टरच्या टेबलावर एका ओळीत डझनावारी कप मांडलेले असतात, प्रत्येकात वेगळा चहा. सगळ्यांसाठी एकच गाळणी वापरली तर आधीच्या चहाचा वास पुढच्याला लागणार, आणि प्रत्येक वेळी धुवायची तर पहिला कप गार होईपर्यंत शेवटचा ओतून व्हायचा नाही. म्हणून गाळणी कपाच्या काठातच घेतली. आतून बाहेरून पांढरा अशासाठी की चहाचा रंग जसा आहे तसा दिसावा. झाकण अशासाठी की वाफेबरोबर सुगंध उडून जाऊ नये आणि कप आडवा केला की पानं आत राहावीत.

याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं. त्यात १०० मिलि पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतं उकळलेलं पाणी आणि सहा मिनिटं, असं दिलंय. कपाचे दोन आकार दिलेत, मोठा साधारण ३१० मिलिचा आणि छोटा १५० चा. आता इथे नीट लक्ष द्या, कारण नेटवर बरेच जण हाच आकडा उचलून घरी तसाच वापरतात आणि मग तोंड वाकडं करतात. ते सहा मिनिटांचं प्रमाण चहा छान लागावा म्हणून ठरवलेलं नाही, जगात कुठेही दोन माणसांनी केला तरी सारखाच व्हावा आणि चहात जो काही दोष असेल तो उघडा पडावा म्हणून आहे. टेस्टर एक भुरका मारतो आणि थुंकून टाकतो, आपल्याला अख्खा कप प्यायचाय. त्यामुळे कप त्यांचा घ्यायचा, वेळ आणि प्रमाण आपलं ठेवायचं.

विकत घेताना काय बघायचं

ऑनलाइन टी टेस्टिंग सेट किंवा टी टेस्टिंग कप असं शोधलं की मिळतात, दार्जिलिंग-सिलीगुडीकडची काही चहाची दुकानंही ठेवतात. एका माणसाला छोटा, १५० मिलिवाला, पुरे. मोठा घ्यायचा मोह होतो, पण ३०० मिलि चहा वाडग्यात ओतला की पिऊन होईपर्यंत गार होतो, आणि भरलेला मोठा कप एका हाताने झाकण धरून आडवा करायचा म्हणजे नवख्या मनगटाला जड जातं.

झाकण बघा. ते काठावर नुसतं ठेवल्यासारखं नको, थोडं आत उतरून बसलं पाहिजे, पण अगदी घट्टही नको. दाते बघा, त्यांच्यामधल्या फटी मोकळ्या हव्यात, काही स्वस्त सेटमध्ये ग्लेझचा थर इतका जाड असतो की एकदोन फटी बुजलेल्याच असतात आणि मग चहा थेंब थेंब येत बसतो. फटी फार रुंदही नकोत, नाहीतर बारीक पानं सरळ वाडग्यात. आतून नक्षी, सोनेरी रेघ, रंग काही नको, साधा पांढरा घ्या. वाडग्यात कपातला सगळा चहा मावतोय ना हे घरी आल्या आल्या साध्या पाण्याने मोजून बघा आणि कपात काठाखाली बोटाच्या पेरापेक्षा कमी जागा ठेवून किती मिलि पाणी बसतं तेही एकदा मोजून कुठेतरी लिहून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी तो आकडा लागतो.

सोबत एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्या असं मी आग्रहाने सांगेन, ०.१ ग्रॅम दाखवणारा. चमच्याने मोजायचं म्हटलं तर पानांच्या चहात फार फसगत होते. दार्जिलिंगची पानं हलकी, फुगीर, त्यांचे २ ग्रॅम म्हणजे चांगला शिगेला आलेला चमचा होतो, आणि तैवानच्या ऊलाँगसारख्या (म्हणजे अर्धवट आंबवलेल्या) गोळी वळलेल्या चहाचे तेवढेच २ ग्रॅम चमच्याच्या तळाशी पडून राहतात. काटा नसेल तरी चालेल, फक्त मग एकाच चहाला एकच चमचा धरून ठेवा, आज हा उद्या तो असं नको.

कुठल्या चहाने सुरुवात करायची

मोठी, अखंड किंवा अर्धी अखंड पानं असलेला कुठलाही. दुकानात ऑर्थोडॉक्स लिहिलेला मागा. आपला रोजचा दाणेदार चहा सीटीसी असतो, पानं दातेरी रोलरमधून चुरडून, फाडून, वळून त्याचे दाणे करतात, ते झटकन रंग सोडतात आणि दुधात उकळायला तेच बरे. तो चहा या कपात करू नये असं नाही, टेस्टर सीटीसीसुद्धा याच कपात चाखतात, पण दाण्यांचा गाळ फटीतून खाली येतो आणि आलं-वेलचीच्या दाट चहाची मजा यात येणार नाही. त्याला पातेलंच हवं, आधण ठेवून, उकळी फुटू देऊन. दोन्ही चहा एका घरात सुखाने नांदतात.

पहिल्या चहासाठी माझं मत निलगिरी किंवा दार्जिलिंगचा सेकंड फ्लश. निलगिरी स्वभावाने मऊ आहे, मिनिटभर जास्त राहिला तरी फार कडू होत नाही, आणि खिशालाही परवडतो. सेकंड फ्लश म्हणजे मे-जूनची तोडणी, तांबूस रंग, थोडी पिकल्या फळासारखी गोडसर चव. फर्स्ट फ्लश, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा, तो फार नाजूक आणि महागही, पाणी किंवा वेळ जरा चुकली की तुरट, त्यामुळे हात बसल्यावर त्याच्याकडे जा. आसाम ऑर्थोडॉक्स ज्यांना कडक आवडतो त्यांच्यासाठी, त्यात चमचाभर दूधही चांगलं लागतं. कांगड्याचा ग्रीन टी मिळाला तर जरूर आणा.

आणि ५० किंवा १०० ग्रॅमच आणा. आपल्याकडे पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणात, उघडं पाकीट आठवड्याभरात दमट होतं. चहा वास शोषून घेतो, त्यामुळे मसाल्याच्या डब्याशेजारी, हिंगाच्या डबीशेजारी, गॅसच्या वरच्या फळीवर अजिबात नको. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि अंधारं कपाट, फ्रिज नको.

आता प्रत्यक्ष कृती

पाणी ताजं घ्या, सकाळचं उकळून गार झालेलं परत परत उकळू नका. पुण्यात किंवा नाशिककडे बोअरचं पाणी येत असेल तर ते जड असतं, चहा फिक्कट आणि मेलेला लागतो, वर एक तवंग येतो जो फुटला की कपाच्या कडेला तपकिरी कडं धरतो. तो तवंग चहाचा दोष नसतो, पाण्यातल्या क्षारांचा असतो. तिथे फिल्टरचं पाणी वापरा. पण आरओ लावून सगळे क्षार काढून टाकलेलं पाणीही फार सपाट चव देतं, शक्य असेल तर दोन्ही थोडं थोडं मिसळून बघा, फरक पहिल्याच घोटाला कळतो.

पाणी तापत असताना कपात थोडं गरम पाणी घालून हिसळून टाकून द्या. टेस्टर हे करत नाहीत पण छोटा जाड कप गार असेल तर तोच पाण्याची बरीच ऊब खाऊन टाकतो, थंडीच्या सकाळी तर फारच. मग गरम कपात कोरडी पानं टाका, झाकण लावा, हलकेच हलवा आणि झाकण किलकिलं करून वास घ्या. हे चुकवू नका! ऊब लागली की कोरड्या पानातून जो वास येतो तो डब्यातून कधीच येत नाही.

प्रमाण: १५० मिलिच्या कपात १३० ते १४० मिलि पाणी बसतं धरलं तर सव्वादोन ते अडीच ग्रॅम पानं. सुरुवातीला २ ग्रॅमच घ्या. कमी वाटला तर उद्या वाढवा.

पाणी ओता. काळ्या चहाला, म्हणजे निलगिरी, आसाम, सेकंड फ्लश यांना, उकळी फुटल्या फुटल्या लगेच. फर्स्ट फ्लशला गॅस बंद करून मिनिटभर थांबून, साधारण ९० अंश. ग्रीन टीला ७५ ते ८०. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका साध्या गार भांड्यात ओता, साधारण ८-१० अंश उतरतं, परत दुसऱ्यात ओतलं की अजून उतरतं, अशा दोन ओतण्यांत ग्रीन टीचं पाणी तयार. महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी मात्र गॅसवरून उतरवल्या उतरवल्या ओतावं, तिथे उंचीमुळे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, तेव्हा थांबायला वाव कमी.

पाणी पानांवरच पडू दे, धार गोल फिरवत. काठोकाठ भरू नका, काठाच्या खाली अर्धा सेंटिमीटर तरी जागा ठेवा, कारण पाणी दात्यांपर्यंत चढलं तर फटीतून बाहेर ओघळतं आणि झाकण लावताना बोटांवर येतं. नवख्या लोकांना चटका बसतो तो बहुतेक इथेच.

झाकण लावा, टायमर लावा. अंदाजाने नको, मोबाइलचा टायमर लावा, कारण मध्ये कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आलं की तीन मिनिटांची सात कधी होतात कळत नाही. निलगिरी आणि सेकंड फ्लश तीन मिनिटं, आसाम तीन ते चार, फर्स्ट फ्लश अडीच, ग्रीन टी दोन, ऊलाँग तीन. ग्रीन टीला झाकण पूर्ण बंद न करता थोडं तिरकं ठेवा, आत फार कोंडला की त्याला शिजल्यासारखा वास येतो.

मध्ये चमच्याने ढवळत बसू नका. पानं आपली आपण उलगडतात, हळूहळू तळाला जातात.

ओतणं, म्हणजे यातली खरी हातोटी

वाडगा ओट्यावर सपाट ठेवा, तुमच्या समोर. कप कानाने धरा, दोन बोटं कानात, आणि त्याच हाताचा अंगठा झाकणाच्या गाठीवर किंवा झाकणावर मधोमध. अंगठ्याने झाकण दाबायचं पण जीव खाऊन नाही, ते जागेवरून सरकू नये एवढंच. झाकण तापलेलं असतं, त्यामुळे पहिले काही दिवस अंगठ्याखाली दुमडलेला रुमाल घ्या, त्यात काही कमीपणा नाही. हात छोटा असेल तर दुसऱ्या हाताने झाकण धरा.

आता कप वाडग्यावर न्या आणि तिरका करा, दाते खालच्या बाजूला. इथे हळूबाई होऊन चालत नाही. फार हळू ओतलं की चहा दात्यांतून पडायच्या ऐवजी कपाच्या बाहेरच्या अंगाने ओघळत येतो आणि सगळा ओटा चहा पितो. एका दमात, ठामपणे पाऊण आडवा करा, धार सुटली की कप तसाच वाडग्याच्या काठावर आडवा टेकवा, झाकणाची बाजू वाडग्याच्या आत, दाते खाली, कान वर. हात सोडला तरी तो तसाच पडून राहतो, झाकण वाडग्याच्या आतल्या भिंतीला अडतं. टेस्टिंग रूममध्ये एका ओळीत असे आडवे कप बघायला फार देखणे दिसतात. अर्धा मिनिट निथळू द्या, मग झाकण धरून एक हलका झटका द्या, शेवटचे थेंब पडतात. ते थेंब सोडू नका, सगळ्यात दाट चहा त्यातच असतो, आणि कपात पाणी मागे राहिलं तर पानं त्यात कडू होत बसतात आणि दुसरा चहा बिघडतो.

एकदोनदा रिकाम्या कपात साधं पाणी घेऊन बेसिनवर सराव करा, गरम चहाने पहिला प्रयोग नको. पाण्याने हात बसला की चहाला भीती वाटत नाही.

आता चहा वाडग्यात आहे आणि पानं कपात. मग ते करा जे मला या सेटमध्ये सगळ्यात जास्त आवडतं. झाकण घट्ट धरून कप पूर्ण उपडा करा, तळावर एक टिचकी मारा, सगळी पानं झाकणात येतात. कप सरळ करा, झाकण उलटं करून कपावर पानांसकट ठेवा. टेस्टर हेच करतात. ही ओली पानं नीट बघा. चांगल्या सेकंड फ्लशची पानं तांब्याच्या भांड्यासारखी लालसर, चकचकीत दिसतात. फर्स्ट फ्लशमध्ये हिरवटपणा बराच असतो, तो दोष नाही, ती पानं मुद्दाम जास्त सुकवून कमी आंबवलेली असतात. सगळी पानं एका आकाराची असतील तर चहा एकसारखा उतरतो, काही अखंड आणि काही चुरा असेल तर चुरा आधी कडू होतो आणि अखंड पान अजून उलगडतच असतं. काळपट, निस्तेज, चिकट चोथा दिसला तर बहुतेक चहा जुना आहे किंवा बनवतानाच बिघडलाय. मग वास घ्या, आत्ता गरम असताना, आणि पिऊन झाल्यावर पानं गार झाली की परत. गरम असताना सुगंध सगळं झाकून टाकतो, धुराचा, करपल्याचा, कुबट असा काही वास असेल तर तो गार झाल्यावर पुढे येतो. हे दोन-चार आठवडे केलं की दुकानदाराने सुंदर डब्यातून काय दिलंय ते तुम्हाला डबा न वाचता कळायला लागतं, आणि मला वाटतं हेच या कपाचं सगळ्यात मोठं देणं आहे. बाकी भांडी चहा करून देतात, हा चहा दाखवतो.

प्यायचं कसं

वाडग्याला कान नाही म्हणून बऱ्याच जणांची कुरकुर असते. भरलेला वाडगा मधोमध धरू नका, काठाला दोन बोटं आणि तळाच्या कडेला बाकीची, किंवा दोन्ही हातांनी. तोंड रुंद असल्यामुळे चहा लवकर निवतो. ज्यांच्या घरी आजोबा बशीत ओतून चहा प्यायचे त्यांना हे सांगायलाच नको, तोच हिशेब आहे. कडकडीत गरम चहात जिभेला चव फारशी कळत नाही, थोडा निवला की गोडवा वर येतो, म्हणून दार्जिलिंग दोन-तीन मिनिटं थांबून प्या.

आणि भुरका मारा, अगदी आवाज करून. लहानपणी यावरून ओरडा बसलेला असतो पण टेस्टर मंडळी मोठ्याने भुरके मारतात त्याला कारण आहे, चहाबरोबर हवा आत गेली की सुगंध घशाच्या मागून नाकात चढतो, आणि चवीतला बराचसा भाग नाकानेच कळतो. घरातच करताय, कोण बघतंय.

साखर? पहिले दोन घोट बिनसाखरेचे घ्या, मग हवी तर घाला. पानांच्या कोऱ्या चहाला तसा स्वतःचा गोडवा असतो पण रोज दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा पिणाऱ्या जिभेला तो लगेच सापडत नाही. कमी करत न्या, जबरदस्ती नको. लिंबू फर्स्ट फ्लशमध्ये कृपा करून नको, सगळा सुगंध मारला जातो.

तेच पान दुसऱ्यांदा

पानं झाकणातून परत कपात टाका आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दुसरा चहा करा, वेळ दीडपट धरा. निलगिरी आणि दार्जिलिंग दुसऱ्यांदा मवाळ पण छान उतरतात, ऊलाँग तर तीन-चार वेळा, आणि गोळीवाल्या ऊलाँगचा दुसरा कप पहिल्यापेक्षा चांगला लागतो कारण तोवर पान पूर्ण उलगडलेलं असतं. आसामला दुसऱ्यांदा फारसा दम राहत नाही. रात्रभर ओला राहिलेला चोथा सकाळी वापरू नका, आपल्या हवेत आंबतो, तो कुंडीत टाका.

काहीतरी बिनसलं तर

कडू झाला तर आधी वेळ कमी करा, अर्धा मिनिट. पानं कमी करायची घाई नको, कारण पानं कमी केली की चहा पाणचट होतो आणि कडूपणा राहतोच. पाणचट झाला तर उलट, आधी पाणी खरंच उकळलेलं होतं का ते बघा, मग पानं पाव ग्रॅमने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, पाणी, वेळ, पानं तिन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं काहीच कळणार नाही.

वाडग्यात चुरा आला तर दोन कारणं, एकतर पाकिटाच्या तळाचा चहा घेतलाय किंवा ओतताना झाकण सरकलंय. थोडा चुरा येणारच, तो तळाला बसतो, शेवटचा घोट सोडून द्या. अजिबात खपत नसेल तर वाडग्यावर बारीक गाळणी धरा. चहा फटीतून येतच नसेल तर मोठं पान दात्यांवर आडवं चिकटलंय, कप सरळ करून एकदा हलवा आणि परत ओता.

धुताना सुगंधी साबण नको, साध्या पाण्याने लगेच विसळला तर रोज साबणाची गरजच पडत नाही. तपकिरी डाग धरले की खाण्याच्या सोड्याने बोटाने चोळा, दात्यांच्या फटीत जुना टूथब्रश फिरवा. स्टीलच्या सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात कधीच ठेवू नका, दात्यांचा टवका उडायला एक वाटी आपटली तरी पुरते, आणि एक दाता उडाला की तिथून पानांचा लोंढा येतो. केसासारखी बारीक तडा दिसली तर त्यात उकळतं पाणी ओतायचं बंद करा.

पाहुणे आले तर

दोघांसाठी करायचं असेल तर मोठा सेट घेण्यापेक्षा छोटे दोन घ्या. एकात दार्जिलिंग, दुसऱ्यात निलगिरी, एकाच वेळी, तेवढंच वजन, तेवढाच वेळ, आणि वाडगे शेजारी शेजारी ठेवा. रंगातला फरक तिथेच दिसतो, चव आलटून पालटून घ्या, मध्ये एक घोट साधं कोमट पाणी. ज्याला आजवर चहा म्हणजे चहा एवढंच माहिती होतं तो माणूससुद्धा मग यातला कुठला आपला ते सांगतो, आणि पुढच्या वेळी कुठला विकत आणायचा ते ठरून जातं. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर सरळ किटली काढा, इतके कप एका माणसाला वेळेवर आडवे करता येत नाहीत.